वापरलेली फायबर बोट: भोक दिसतं, पाणी दिसत नाही

वापरलेली फायबरची बोट बघायला गेलं की नजर आधी तळाकडे जाते. तडा कुठे आहे, ठिगळ कुठे मारलंय, रंग कुठे नवा दिसतोय. हे सगळं बघावंच. पण तळाला पडलेलं वीतभर भोक म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम आणि किलोभर रेझिन, म्हणजे काचतंतूंना बांधून टणक होणारा चिकट द्रव. खड्ड्यात घालतं ते डेकखाली कोंडलेलं पाणी. ते दिसत नाही, विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसतं, आणि ओल्या फायबरवर ठिगळ धरत नाही. म्हणून क्रम उलटा धरायचा: आधी पाणी शोधायचं, मग काढायचं, मग वाळवायचं, आणि मगच भोकाला हात लावायचा.

पुढचं सगळं १६ ते २० फुटी, उघड्या, आउटबोर्ड इंजिनाच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कोकणात आणि गोव्यात जलक्रीडेला, खाडीतल्या फेऱ्यांना आणि किनाऱ्याजवळच्या मासेमारीला अशा बोटी चालतात आणि हातोहात विकल्याही जातात.

डेकखाली काय असतं

तळ म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे थर. बाहेरून अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे रेझिनचाच गुळगुळीत रंगीत थर; त्याच्या आत मॅट (विस्कटलेल्या आखूड तंतूंची चादर) आणि रोव्हिंग (तंतूंचं विणलेलं जाड कापड) आलटून पालटून. या आकाराच्या बोटीत तळाची जाडी साधारण ५-६ मिलिमीटर भरते, पठाणाजवळ, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याजवळ, त्याहून जास्त. तळ वाकू नये म्हणून आत लांबीभर स्ट्रिंगर बसवलेले असतात. बहुधा लाकूड किंवा प्लाय, वरून मॅट चढवलेली. स्ट्रिंगरांवर डेक, आणि मधल्या पोकळ्यांत ओतलेला पॉलियुरेथेन फोम. काही बोटींत त्याजागी थर्माकोलचे ठोकळे कोंबलेले सापडतात. मागे ट्रान्सम, ज्यावर इंजिन लटकतं: फायबरच्या दोन थरांमध्ये ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचं प्लाय.

फोम असतो तो बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून. डेकला खालून आधार मिळतो हा वरचा फायदा. ओतीव फोमची घनता घनमीटरला साधारण ३२ किलो. म्हणजे १०० लिटर जागा भरायला सव्वातीन किलो फोम पुरतो. तीच जागा अर्धी पाण्याने भरली तर बोटीत ५० किलो वाढले, आणि तितकीच तरंगण्याची ताकद गेली. भिजलेला फोम असा दुहेरी मारतो. एरवी बोट जड, आळशी आणि डिझेल-पेट्रोल खाणारी होते. आणि उलटली, की ज्याच्या भरवशावर ती तरंगायची तोच आतून भरलेला असतो.

फोम बंद पेशींचा, म्हणजे त्याचे बारीक कप्पे एकमेकांपासून बंद, मग त्यात पाणी शिरतंच कसं, हा प्रश्न रास्त आहे. सगळ्या पेशी कधीच बंद नसतात. लाटांवर आपटून आपटून तळाला लागून असलेल्या पेशी चुरडतात. दिवसा ऊन, रात्री गारवा, यात बाष्प आत जातं आणि तिथेच पाणी होऊन बसतं. बिल्जमध्ये, म्हणजे डेकखालच्या तळाच्या जागेत, सांडलेलं पेट्रोल आणि ऑइल फोमला आणखी सैल करतं. पण या सगळ्याला वेळ लागतो. खरा गुन्हेगार असतो तळाशी महिनोन्‌महिने उभं राहिलेलं पाणी. ते येतं डेकवर सीलंट न लावता मारलेल्या स्क्रूंमधून, सीटच्या नटबोल्टांतून, ट्रान्समच्या बुचाच्या नळीभोवतीच्या फटीतून. स्ट्रिंगरच्या पायाशी पाणी मागे वाहून जायला ठेवलेली छिद्रं कचऱ्याने किंवा फोमनेच बुजलेली असली की ते हलत नाही. आपल्याकडे त्यात पावसाळा. बोट अंगणात, झाकण नाही, बूच लावलेलं, नाळ (पुढचं टोक) खाली झुकलेली. जून ते सप्टेंबर एवढ्यात चांगल्या बोटीची वाट लागते.

घेण्याआधी: काटा, नाणं आणि ड्रिल

सगळ्यात खरी साक्ष वजनाची. बोट टेम्पोवर चढवलेलीच असेल तर वाटेतल्या वजनकाट्यावर थांबा, नंतर रिकाम्या टेम्पोचं वजन करा. बांधणाऱ्याने सांगितलेल्या कोऱ्या बोटीच्या वजनाशी ताडून बघा. इंजिन वजा करायला विसरू नका. ४० एचपीचं टू-स्ट्रोक सत्तर किलोच्या वर जातं. रंगाचे जादा थर, वाढवलेल्या सीटा, दोरखंड, सगळं धरून ३०-४० किलो जास्त भरले तर चालतं. दीडशे भरले तर ते कुठून आले याचं उत्तर एकच.

काटा नसेल तर बोट पाण्यात बघा. १८ फुटी बोटीचं पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ साधारण साडेपाच चौरस मीटर धरलं, तर समुद्रात ती एक सेंटिमीटर जास्त बसली म्हणजे ५५ किलोच्या आसपास वजन वाढलं. शेवाळाची आणि शंखांची रेघ मूळ रंगाच्या रेषेच्या तीन-चार सेंटिमीटर वर चढलेली असेल, त्यातही मागे जास्त, तर हिशेब आपणच करा.

मग नाणं. पाच रुपयांच्या नाण्याने किंवा प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने तळ, बाजू, डेक सगळीकडे ठोकत जा. सलग घट्ट फायबर टणटणतं; थर सुटले असतील तिथे आवाज मेल्यासारखा, बद्द येतो. अशा जागा खडूने आखून ठेवा. ओल मोजायचं मीटर मिळालं तर वापरा, पण त्याचा आकडा प्रमाण मानू नका: आतला धातू, क्षार आणि काही तळरंग त्याला फसवतात. एकाच बोटीतल्या दोन जागांची तुलना करायला ते बरं.

ट्रान्समसाठी इंजिन अर्धवट वर करून त्याच्या खालच्या भागावर अंगाचा भार टाका. फळी आत-बाहेर हलताना दिसली किंवा बोल्टांभोवती जेलकोटला केसासारखे तडे असले, की आत प्लाय गेलेलं समजा. मालकाची परवानगी असेल तर खात्री ड्रिलने करावी. ६ मिलिमीटरचं बिट घ्या, २५ मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण करा आणि ट्रान्समला आतल्या बाजूने, तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर, हळू भोक पाडा. बिटाबरोबर बाहेर येणारा भुसा तळहातावर घ्या. निरोगी प्लायचा भुसा फिकट आणि कोरडा, फुंकरीने उडणारा. ओलं प्लाय दोरीसारख्या लडी देतं. कुजलेलं काळपट तपकिरी, चिखलासारखं बिटाला लपेटून येतं आणि आंबूस वास सुटतो. काम झालं की भोक इपॉक्सीने बुजवा, नाहीतर पाण्याला वाट आपणच करून दिली.

डेकखालच्या फोमसाठी हीच रीत, फक्त बिटाऐवजी होलसॉ (गोल भोक कापणारी करवत) ५० मिलिमीटरचा. सगळ्यात मागच्या आणि सगळ्यात खोल पोकळीवर डेकमधून गोल चकती कापायची, आणि लोखंडी नळीने तळापर्यंतचा फोम उभा काढायचा. वरचे दहा सेंटिमीटर कोरडे लागले म्हणून खूश होऊ नका. पाणी खालून चढतं. तळाचा तुकडा मुठीत दाबा. पाणी गळलं तर त्या पोकळीचा निकाल लागला.

भिजलेला फोम वाळत नाही

छिद्रं पाडून, पंखे लावून, बोट दोन महिने उन्हात ठेवून फोम वाळवायचे प्रयत्न लोक करतात. कडेचा दोन बोटं वाळतो, आतलं पाणी तसंच राहतं. पेशींत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला रस्ताच नसतो. फोम काढावाच लागतो, दुसरा उपाय नाही.

डेक कापण्याआधी बोटीला आकार धरून ठेवणारा आधार द्या. डेक आणि स्ट्रिंगर मिळून तळाचा आकार सांभाळतात. डेक निघालं की कवच पसरतं किंवा पिळतं, आणि त्या वाकड्या अवस्थेत नवं डेक बसवलं तर बोट कायमची एका बाजूला ओढते. पठाणाखाली तीन-चार ठिकाणी लाकडी ठोकळे, दोन्ही बाजूंना तळाच्या कोनाखाली टेकू, मध्ये गोणपाट किंवा जुन्या गालिच्याचे तुकडे. दोन्ही काठांमधलं अंतर तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा आणि तिथे आडव्या पट्ट्या ठोका.

कापायला सर्क्युलर सॉ, पात्याची खोली डेकच्या जाडीइतकीच, म्हणजे १० ते १५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीपासून ५० ते ७५ मिलिमीटर आत कापा, म्हणजे कडेला ओठ राहतो आणि डेक परत बसवताना त्यावर टेकतं. पेट्रोलची टाकी, वायरिंग, स्टीअरिंगची केबल कुठून गेली आहे ते आधी शोधा. तुकडे निघाले की त्यांच्यावर नंबर टाका.

फोम खणायला खुरपं, जुनी करवत, रुंद पटाशी. यात कौशल्य नाही, घाम आहे. तळाजवळ मात्र हत्यार तिरकं धरा, नाहीतर भिजून मऊ पडलेल्या फायबरला तुम्हीच टोचा पाडाल. एका वेळी एकच स्ट्रिंगर काढायचा. त्याच्या जागी नवा बसून पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नको. नव्या स्ट्रिंगरला आणि ट्रान्समला आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. साधं व्यावसायिक प्लाय घेऊन वाचवलेले पैसे तीन पावसाळ्यांत परत जातात. ट्रान्समला १९ मिलिमीटरचे दोन तक्ते इपॉक्सीने चिकटवून ३८ होतात. कडा आणि प्रत्येक भोकाची आतली भिंत इपॉक्सीने बंद झाली पाहिजे: बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर बोल्टच्या मापाचं पुन्हा पाडा.

काढलेला फोम जाळू नका. पॉलियुरेथेन जळताना सायनाइडचा विषारी वायू निघतो. खाडीतही टाकू नका. पोत्यांत भरून कचरा उचलणाऱ्यांकडे द्या.

धुवा, मग वाळवा

समुद्राच्या पाण्यातल्या बोटीला नुसतं वाळवून भागत नाही. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. फोम निघाल्यावर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने, दोन-तीन दिवस, रोज धुवा. तडे आणि सुटलेले थर असतील तिथे पाणी मुरू द्या, मग पुसा. त्यानंतर वाळवण.

वाळवायला वारा लागतो. बोट ताडपत्रीत गुंडाळली की आत घाम सुटतो आणि जैसे थे. वर छप्पर, चारही बाजू मोकळ्या, आणि तळावर टेबलफॅन. हॅलोजनचा दिवा लावायचा तर हात टेकवता येईल इतपतच तापू द्या. वाळलं की नाही हे कळायला सोपी चाचणी: फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घासलेल्या फायबरवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून २४ तास ठेवा. आत दव जमलं तर अजून थांबा.

इथे किनाऱ्यावरची जुनी अडचण येते. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, बोट किनाऱ्यावर, माणसं मोकळी, म्हणून दुरुस्ती तेव्हाच काढली जाते. पण त्या दिवसांत हवेतली आर्द्रता कोकणात सहज ८५ टक्क्यांच्या वर असते, आणि पॉलिएस्टर रेझिनला ८० च्या वर त्रास होतो: थर दुधाळ दिसतात, पृष्ठभाग चिकट राहतो, जोड कच्चा बसतो. पावसाळ्यात तोडफोड, फोम काढणं, लाकूडकाम उरकून घ्यावं. रेझिनचं काम ऑक्टोबरच्या उघडिपीनंतर, डिसेंबर-जानेवारी उत्तम. थांबणं शक्यच नसेल तर बंद शेड आणि आर्द्रता काढणारं यंत्र याला पर्याय नाही.

आता तळाचं भोक

ग्राइंडर चालवण्याआधी आसपासची जागा ॲसिटोनने पुसा. एका फडक्याने लावायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. आधी घासलं तर पॉलिशचं मेण आणि इंजिनऑइल फायबरमध्ये रगडलं जातं, आणि मग ते काही केल्या निघत नाही.

आता तुटलेले तंतू कापून काढा. चार इंची ग्राइंडरला ३६ किंवा ४० नंबरची फ्लॅप डिस्क लावून भोकाच्या कडेने घासत बाहेर जा. इथे डोळे उघडे ठेवायचे. मार बसलेलं फायबर पांढुरकं, दुधाळ दिसतं. निरोगी फायबर काहीसं पारदर्शक, मधाळ किंवा हिरवट छटेचं. पांढरेपणा संपेपर्यंत घासावंच लागतं. बाहेरून नारळाएवढं दिसणारं भोक आतून दुप्पट निघणं नेहमीचंच, आणि बहुतेक ठिगळं निखळतात ती पांढऱ्या भागावर मारलेली असल्यामुळेच.

त्यानंतर कडेला उतार. जाडीच्या बारापट रुंद. तळ ५ मिलिमीटर असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी ६० मिलिमीटर रुंदीचा, शून्यावर येणारा उतार. पाण्याच्या वरच्या, भार नसलेल्या भागाला आठपट चालतं. उतार कशाला? काचेचे जुने तंतू तुटले आहेत, नवे त्यांना जोडता येत नाहीत. जोड फक्त चिकटपणाचा आहे. म्हणून चिकटायला क्षेत्रफळ लागतं. सरळ कडेच्या भोकात पुट्टी भरून वर दोन मॅट मारणं म्हणजे पहिल्या मोठ्या लाटेला निमंत्रण.

आतून हात पोचत असेल तर काम सोपं. बाहेरून सनमायकाचा गुळगुळीत तुकडा मेणपॉलिश लावून घट्ट बसवा आणि आतून थर चढवा. उतारही आतून काढा. तळ वक्र असेल तर पातळ सनमायका वाकतो. आतून पोचता येत नसेल तर भोकातून आत जाईल असा, आधीच वाळवलेला फायबरचा पातळ तुकडा तारेने ओढून आतल्या बाजूला चिकटवा. तो पक्का झाला की त्याच्यावर बाहेरून काम करा.

मालाचा हिशेब एका उदाहरणाने. भोक २०० बाय १५० मिलिमीटर, जाडी ५, उतार ६०. म्हणजे सगळ्यात मोठं ठिगळ ३२० बाय २७०. ४५० ग्रॅमची मॅट वाळल्यावर साधारण १ मिलिमीटर, ६०० ग्रॅमचं रोव्हिंग पाऊण मिलिमीटर. चार मॅट आणि दोन रोव्हिंग घेतले की साडेपाच भरतात. जास्तीचं घासण्यात जातं. क्रम: मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट, मॅट. पहिला थर नेहमी मॅटचा, कारण ती जुन्या फायबरला नीट बिलगते; रोव्हिंगच्या विणीखाली पोकळ्या राहतात. मोठं ठिगळ आधी की छोटं, यावर कारागिरांत दोन तट आहेत. आमचा कौल मोठं आधी याला: ते संपूर्ण उताराला चिकटतं, आणि शेवटी घासताना वरचे छोटे थर कापले गेले तरी ते शाबूत राहतं.

रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट, रोव्हिंगच्या वजनाइतकं. या ठिगळाला काच दोनशे ग्रॅमच्या आत आणि रेझिन ३०० ग्रॅम लागतं. आतून दोन मॅटचा जादा आधार आणि ब्रशला, भांड्याला लागणारी नासाडी धरून एक किलो आणा. रेझिन जास्त म्हणजे मजबूत, हा गैरसमज आहे. ताकद काचेची. डबकं साचलेला थर ठिसूळ होतो. भिजवून झाल्यावर खाचांच्या लोखंडी रोलरने मधून कडेकडे हवा काढा. पांढरे ठिपके दिसतात ते हवेचे बुडबुडे, ते राहू देऊ नका. सलग तीन-चार मॅटच्या वर एका दमात चढवू नका, उष्णतेने थर तडकतो. निवू द्या, मग पुढे. पुढचा थर २४ तासांच्या आत आला तर आधीच्याशी रासायनिक जोड होतो. उशीर झाला तर घासून घ्यावं लागतं.

पॉलिएस्टर की इपॉक्सी? वाळलेल्या जुन्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरते आणि पाणीही कमी आत सोडते. पाण्याखालच्या, हातभरापेक्षा लहान दुरुस्तीला पैसे इपॉक्सीवर घालवावेत. मोठ्या क्षेत्रफळाला पॉलिएस्टर परवडतं; जमल्यास आयसो ग्रेड, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारं पॉलिएस्टर, घ्या. दोन गोष्टी लक्षात असू द्या. साध्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर पातळ ठेवणाऱ्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड वापरा. आणि इपॉक्सीवर जेलकोट भरवशाने बसत नाही. तिथे इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-पॅक (दोन डबे कालवून लावायचा) पॉलियुरेथेन रंग.

हार्डनर आणि कोबाल्ट: इथे चूक नको

आपल्या बाजारात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या वेगवेगळ्या मिळतात. हार्डनर म्हणजे एमईकेपी, रेझिन घट्ट करणारं एक सेंद्रिय पेरॉक्साइड; कोबाल्ट त्याचा वेग वाढवतो. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. एकाच मापाच्या कपाने दोन्ही मोजणं हीसुद्धा तीच चूक. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा, भानगडच नको.

हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के: अर्ध्या किलोला ५ ते १० ग्रॅम. आपल्याकडच्या ३०-३२ अंशांत १ टक्का पुरतो, आणि हातात पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ऊन जास्त म्हणून हार्डनर एक टक्क्याखाली नेऊ नका. रेझिन वरवर घट्ट होतं, आतून कायम कच्चं राहतं. वेग कमी करायचा तर कोबाल्ट कमी करा, सावलीत काम करा, किंवा एका वेळी पाव किलोच कालवा. कोबाल्ट वेगवेगळ्या ताकदीचा मिळतो, म्हणून नव्या बाटलीतून आधी ५० ग्रॅमचा कप कालवून घड्याळ लावा. रेझिन जेलीसारखं तुटायला लागलं की ते संपलं. स्टायरीन किंवा ॲसिटोन घालून त्याला परत पातळ करू नका.

हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालूनच ओता. गेलाच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टर. घासताना रुमाल बांधून चालत नाही, धुळीचा गाळणी असलेला मास्क लागतो. रेझिनच्या वाफेसाठी वेगळी, कोळशाची गाळणी.

फोम परत: किती, कुठे, कसा

पाण्यात बुडालेल्या फायबरचं वजन जमिनीवरच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश उरतं. समजा कवच ४५० किलो; पाण्यात ते १५० भरेल. इंजिन ७३ किलोचं असेल तर पाण्यात ६० च्या वर. बॅटरी, नांगर वगैरे २०. बोटीला धरून पाण्यात असलेल्या पाच माणसांसाठी माणशी १५ किलो, म्हणजे ७५. बेरीज ३०५ च्या आसपास. एक लिटर कोरडा फोम समुद्रात जवळजवळ एक किलो पेलतो, म्हणजे ३०५ लिटर. हात सैल सोडून ३५० धरा. त्याचं वजन ११ किलो. तोच अर्धा भिजलेला असता तर १७५ किलो जास्त वाहत बसला असतात.

सगळा फोम डेकखालीच भरू नका. तशी बोट पाण्याने भरली की उलटी होते आणि उलटीच राहते, कारण वर ढकलणारी ताकद सगळी तळाशी. निम्म्याच्या वर फोम बाजूंच्या पोकळ्यांत, काठाखाली, आणि इंजिन पेलायला ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांत हवा.

ओतीव फोमचे दोन द्रव सम प्रमाणात, आकारमानाने. ३५० लिटरला ११ किलो, वर २० टक्के नासाडी, म्हणजे साडेतेरा किलो. एका वेळी दोन्ही मिळून एक किलोच घ्या. त्यातून तीसेक लिटर फुगतं. ड्रिलला पंखा लावून १५ ते २० सेकंद जोरात ढवळा आणि लगेच ओता, गरमीत त्याहून जास्त वेळ मिळत नाही. आधीचा थर कोमट होईपर्यंत थांबा. मोठा ढीग एकदम ओतला तर आतून करपतो, पेटूही शकतो. वर निघायला ५०-६० मिलिमीटरची भोकं मोकळी ठेवा. कोंडलेला फोम डेक उचलतो, तळाला फुगवटा आणतो. पोकळी ओली असेल तर ओतूच नका, पाण्याशी तो बुडबुडत सच्छिद्र होतो. आणि दोन द्रवांपैकी एकात असलेल्या आयसोसायनेटच्या वाफेने दम्यासारखी कायमची ॲलर्जी लागू शकते, म्हणून योग्य मास्क आणि वारा.

ओतण्याआधी पठाणावरून अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप पालथा घालून मागपर्यंत नेऊन ठेवा. त्याखालून पाणी बुचापर्यंत वाहतं आणि फोम तळातल्या पाण्यापासून वर राहतो. मूळ बोटीत नेमकं हेच अनेकदा केलेलं नसतं.

आमच्या पसंतीने, ओतीव फोम फक्त बाजूंच्या पोकळ्यांत. डेकखाली एक्सपीएसचे (थर्माकोलच्याच जातीच्या, पण घट्ट फोमचे) कापलेले ठोकळे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर उघडता येणारी झाकणं. दोन वर्षांनी झाकण काढून हात घालून बघता येतं, भिजलाच तर ठोकळा बदलता येतो. अपवाद एक: फोम काढल्यावर तळावर पाय दिला आणि तो लवला, तर मूळ फोम आधाराचं काम करत होता, तिथे ओतीवच हवा किंवा स्ट्रिंगर वाढवा. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही पेट्रोलने आणि पॉलिएस्टर रेझिनने विरघळतात, टाकीजवळ ठेवू नका आणि वर थेट रेझिन लावू नका.

प्रवासी किंवा जलक्रीडेची बोट असेल तर डेक बंद करण्याआधी बोटीची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला आतलं दाखवा. नंतर त्यालाही दिसत नाही, तुम्हालाही.

उरलेलं

पाण्याखाली गाडीची पॉलिएस्टर पुट्टी वापरू नका. तिच्यातली शंखजिऱ्याची पूड पाणी पिते. इपॉक्सीत सिलिका कालवून केलेली पुट्टी घ्या. जेलकोट हवा लागली की वरून चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घाला किंवा वरून प्लास्टिकची फिल्म अंथरा. चांदणीसारखे तडे असतील तर नुसते भरून भागत नाही: आत बरोबर त्याच जागी एखादी फळी किंवा सीटचा पाय तळाला टेकलेला असतो, तो आधी सोडवा. कायम पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या तळावर अनेकदा फोड आलेले असतात. फोडले की व्हिनेगरच्या वासाचं पाणी निघतं. डोळे सांभाळून सगळे उघडा, धुवा, कित्येक आठवडे वाळवा, मग इपॉक्सी.

पाण्यात टाकण्याआधी बोट टेकूंवर असतानाच आत पाच-सात सेंटिमीटर पाणी घाला आणि तासभर तळाखालून बघत राहा. त्याहून जास्त भरू नका, रिकामं कवच एवढं वजन पेलायला केलेलं नसतं. कुठे थेंब धरला तर खूण करा. मग बूच काढून पाणी जाऊ द्या. शेवटचा तांब्याभर आत अडकून राहिला तर छिद्र कुठेतरी बुजलंय, ते आत्ताच मोकळं करा. जाता जाता पुन्हा वजनकाट्यावरून न्या आणि आकडा ट्रान्समच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. दर पावसाळ्यानंतर त्याच्याशी ताळा करायचा. ३० किलोच्या वर फरक पडला तर झाकणं उघडून बघायची.